वरच्या बाईंची झोप

"सगळं ठीक आहे, पुढे चला," असं कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं आणि त्या आवाजाने तिला जाग आली. आवाज तिचाच होता. वॉकीटॉकी डाव्या हातात होता, त्याचं बटण दाबलेलं होतं, उजवा हात क्रेनच्या दांड्यावर होता, पाठ ताठ होती, आणि डोळे उघडे होते की मिटलेले हे आता सांगायला कुणी साक्षीदार नव्हता. केबिनच्या काचेपलीकडे सगळं जिथल्या तिथे होतं. अर्धवट इमारतीचे उघडे खांब, कुंपणापलीकडचा रस्ता, त्यावरून चाललेली, उंचावरून खेळण्यातली वाटणारी वाहनं. फक्त सळयांचा भारा जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. तिने शेवटचा पाहिला तेव्हा तो वाळूच्या ढिगावर टांगलेला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आता तो कच्च्या वाटेवर आला होता, अजूनही संथपणे सरकत होता, आणि त्याच्या खालून गवंडी ओळीने चालले होते. वाळूच्या ढिगापासून वाटेपर्यंतचा मधला तुकडा तिच्याकडे नव्हताच. कात्रीने कापून नेल्यासारखा तो गेला होता. तिच्या काळजाचा ठोका चुकला, पण हात चुकला नाही, हे मात्र कुणीही कबूल करावं. दुसरा असता तर घाबरून त्याने दांडा सोडून दिला असता आणि भारा झोके घ्यायला लागला असता. तिने बूम, म्हणजे क्रेनची लांब भुजा, भाऱ्याच्या झोक्याबरोबर किंचित पुढे जाऊ दिली, मग अलगद थोपवली, सळईला सळई लागल्याचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. खाली एका गवंड्याच्या अंगावर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. काचेमागे बाई दिसल्या तसा त्याने ओळखीचा हात केला. तिनेही हात केला. मग तो बाकीच्यांच्या मागोमाग निघून गेला.

म्हणजे काही झालं नव्हतं. खाली कुणाला कसला पत्ता नव्हता. काय झालं असेल ते तिने मागाहून जुळवलं, आणि ते जुळवायला फारसं डोकं लागलं नाही. साइटवरचा नियम साधा होता. माल हवेत असताना खालून माणसं सोडायची तर खाली उभा असलेला सिग्नलमन वॉकीटॉकीवरून वर विचारणार, वरून उत्तर येणार, मगच माणसं पाऊल टाकणार. त्याने विचारलं असणार, "बाई, माल धरलाय ना? माणसं सोडू का?" रोज विचारायचा तसंच. आणि तिने उत्तर दिलं होतं. झोपेत दिलं होतं. डुलकी लागली याची तिला एवढी भीती वाटली नाही. डुलकी कुणालाही लागते, म्हणजे बाकीच्यांना लागते, आणि आज तिला लागली. अंगावर काटा आला तो त्या आवाजामुळे. त्यात जराही पेंग नव्हती. जीभ जड नव्हती, शब्द ओढलेला नव्हता. तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात कुणीतरी तिच्या जागी बसून माणसांना भाऱ्याखालून पाठवलं होतं. तो ठसका तिचा स्वतःचा होता, कमावलेला होता, आणि साइटवर त्याला किंमत होती. तिला सगळे वरच्या बाई म्हणत. आधी थट्टेने म्हणत, मग सवयीने, आणि अलीकडे तर नवीन आलेल्या माणसांना जुनी माणसं बोट वर करून दाखवत, "त्या आपल्या वरच्या बाई." हे खालचं बोलणं तिला वर ऐकू येत नसे, पण बोटं दिसत. ती बोटं दिसली की तिच्या अंगावर मूठभर मांस चढे, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं तिचं स्वच्छ मत होतं.

या खुर्चीत ती सुखासुखी बसलेली नव्हती. सिमेंटची घमेली उचलण्यापासून तिने सुरुवात केली होती. घमेली उचलताना ती मान वर करून बघायची, की तो वर बसलेला माणूस काय करतो. तिला वाटायचं, मी रोज डोक्यावरून नेते ते हा दोन बोटांनी नेतो, मग मी दोन बोटांनी का नेऊ नये? शिकायला नाव घातलं तेव्हा शिकवणाऱ्याने विचारलं होतं, "बाई, उंचीची भीती वाटते का?" ती म्हणाली होती, "उंचीची नाही वाटत, खाली उभं राहून बघणाऱ्यांची वाटते." वर्गात हशा पिकला, पण परीक्षेत तिने पाण्याने काठोकाठ भरलेली बादली टांगून मैदानाला फेरी मारून आणली आणि परत टेकवली, तेव्हा कुणी हसलं नाही. बादलीभोवतीची माती कोरडी होती. पहिल्या दिवशी ती शिडी चढायला लागली तेव्हा खाली कुणीतरी म्हणालं, "बाई चढतायत खऱ्या, उतरणार कधी?" त्यावर तिने मनात ठरवून टाकलं की काम सुटेपर्यंत उतरायचंच नाही. तेव्हापासून ती सकाळी चढे ती एकदम संध्याकाळी उतरे. डबा वर, चहाचा थर्मास वर, पाणी घोट घोट, कारण पाणी प्यायलं की उतरणं आलं. इतर ऑपरेटर दुपारी खाली येऊन पाय मोकळे करत, सावलीत आडवे होत. ती वरून त्यांची पसरलेली अंगं बघायची आणि तिला त्यांची थोडी कीव यायची. झोप ही तिच्या लेखी ढिल्या माणसांची गोष्ट होती. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ज्या घरात ती वाढली त्या घराची हवाच तशी होती.

वडील रात्रपाळीचे पहारेकरी होते. एका अजस्र गोदामाला दोन पहारेकरी, दोन टोकांनी निघायचे, आणि कोपऱ्यावर आले की एकाने ओरडून विचारायचं, "सगळं ठीक?" दुसऱ्याने ओरडून सांगायचं, "सगळं ठीक आहे, पुढे चला." उत्तर आलं नाही तर पुढे पाऊल टाकायचं नाही, उलट मागे फिरून पहिल्यापासून एकेक कुलूप ओढून बघायचं. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी वडिलांना पेंगताना पकडलं नाही. घरी कुणी आलं की ते ठरलेल्या वेळी ठरलेलं वाक्य टाकत, "आमच्या घराण्यात झोप कुणाच्या डोळ्याला शिवत नाही." तिच्या लहानपणी हे घराणं म्हणजे एका खोलीतली चार माणसं होतं, पण शब्द घराणं असाच होता. पाहुणे असले की ती डोळे ताणून बसून राहायची, पापण्या जड झाल्या की मांडीला चिमटा काढायची, आणि वडील तिच्याकडे बोट करून म्हणायचे, "बघा, माझी लेक." धाकटा भाऊ मात्र ताटावरच कलंडायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि आता तो दारात मावत नाही इतका फुगला तरी बारक्याच म्हणतात. बारक्या ताटावर कलंडला की सगळे हसायचे. ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

आई गेली आणि म्हाताऱ्या वडिलांच्या डोक्यात दिवस आणि रात्र यांची अदलाबदल झाली. दिवसभर ते खुर्चीत मान टाकून असत, आणि घर सामसूम झालं की बुटांच्या नाड्या बांधून, बॅटरी घेऊन गस्तीला निघत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाल्कनी, एवढंच गोदाम. सगळ्या कड्या ओढून बघून ते तिच्या खोलीच्या दाराशी थांबायचे आणि विचारायचे, "सगळं ठीक?" तिने उत्तर दिलं की समाधानाने पुढे जायचे. नाही दिलं तर कपाटं उघडायचे, गॅसची शेगडी हलवून बघायचे, बाहेर जिन्यावर जाऊन शेजाऱ्यांच्या कड्या ओढायचे, आणि मग शेजारी उठायचे. सुरुवातीला ती उठून, दिवा लावून, दाराशी येऊन उत्तर द्यायची. मग अंथरुणात बसून द्यायला लागली. मग पडल्या पडल्या. मग डोळे न उघडता. आणि पुढे पुढे तर असं झालं की सकाळी शेजारीण सांगायची, "काल बाबांनी किती हाका मारल्या गं, पण तुझी कमाल, दर वेळी ओ दिलीस," तेव्हा तिला कळायचं की आपण ओ दिली होती. याचा तिला केवढा अभिमान! साइटवर येताजाता तिने हे चारचौघांत सांगितलंही होतं, की मी झोपेतसुद्धा ड्यूटीवर असते. सगळे वा वा म्हणाले होते. सिग्नलमन तर म्हणाला होता, "बाई, म्हणूनच तुमचा आवाज आला की मी डोळे मिटून माणसं सोडतो." ते वाक्य तिने कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं. आज ते आठवलं आणि तिने वॉकीटॉकी तोंडापासून लांब धरला.

भारा तिने जागेवर नेऊन टेकवला. हूक सुटला. दुसरा माल लागला. हात आपला आपला काम करत होते आणि ती त्यांच्याकडे परक्यासारखी बघत होती. गेल्या काही महिन्यांत अशा परकेपणाच्या खुणा कमी नव्हत्या, पण तिने त्यांना खुणा म्हटलं नव्हतं. दूध तिने कपड्यांच्या कपाटात ठेवलं आणि घड्या केलेले कपडे फ्रीजमध्ये. बसमध्ये उतरायचं ठिकाण मागे गेलं आणि तिने कंडक्टरशी भांडण काढलं. ओळखीच्या माणसाचं नाव तोंडाशी येऊन अडायचं. साध्या साध्या गोष्टींनी डोळ्यांत पाणी यायचं, आणि तितक्याच साध्या गोष्टींनी डोकं फिरायचं. पापण्यांच्या आत वाळू, जिभेवर गंजाची चव, कानात बारीकशी शीळ. कधी दुपारी केबिनमध्ये बसल्या बसल्या समोरच्या इमारतीला एक मजला जास्त दिसायचा, मग डोळे चोळले की तो नसायचा. तिने चहा वाढवला. चहाने झोप जात नव्हती, फक्त झोपेला दारात ताटकळत उभं ठेवता येत होतं. पण हे सगळं तिने स्वतःच्या खाती कर्तृत्व म्हणून जमा केलं होतं. एवढं होऊनही बाई वर जातात, भारा अलगद टेकवतात. आहे दुसऱ्या कुणाची छाती? नवरा बोटीवर आचारी, वर्षातून एकदा घरी येणारा. तो गेल्या खेपेला म्हणाला होता, "अगं, तू बसल्या जागी मिनिटभर निघून जातेस, आणि परत येतेस तेव्हा तुला माहीत नसतं." तिने त्याला उडवून लावलं होतं. समुद्रावरच्या माणसाला जमिनीवरचं काय कळणार!

आणि बारक्याचं काय? त्याचा विषय मनात आला की ती नेहमी दुसरीकडे वळायची, पण आज वळता येईना. मध्यंतरी नव्या मशीनचं शिक्षण घ्यायला तिला आठवडाभर परगावी जावं लागलं, तेव्हा वडिलांजवळ बारक्या राहिला होता. चष्म्याच्या दुकानातली त्याची नोकरी, वेळेवर जाणं, वेळेवर येणं, पाठ टेकली की घोरणं. हा बाबांना काय सांभाळणार! परत आल्यावर तिने बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारलं होतं, "फार हाल झाले ना रे?" मनातून ती हालांची वाटच बघत होती. बारक्या म्हणाला, "छे गं. ते विचारायचे, मी म्हणायचो ठीक आहे, पुढे चला, आणि जायचे की ते पुढे. एकदा तर मला जागच आली नाही. ते बाहेर नाही गेले, काही नाही. थोडा वेळ उभे राहिले असावेत. सकाळी बघतो तर माझ्या पायाशी मुटकुळं करून झोपलेले." तिला ते खरं वाटलं नाही. खरं वाटून घ्यायचं नव्हतं, हे जास्त बरोबर. "मग आता आलटूनपालटून करू ताई, एक आठवडा तू, एक मी," असं तो म्हणाला तेव्हा ती फटकन बोलून गेली होती, "तुझ्याच्याने नाही व्हायचं. त्यांना माझाच आवाज लागतो." सगळ्या नातेवाईकांत तिने तेच सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. बारक्यानेही डोलावली, आणि घरी जाऊन झोपला असणार. केबिनमध्ये बसून तिच्या आज असं ध्यानात आलं की तिची झोप वडिलांनी नेलेली नव्हती. वडील भोळे, कुणीही ओ दिली तरी त्यांना चालत होती. ती ओ दुसऱ्या कुणाला देऊ द्यायची नाही, हा हट्ट तिचा होता. हे ध्यानात आलं आणि तिला स्वतःचा विलक्षण राग आला, आणि रागाच्या तळाशी, बघा माणसाचं मन, जरासा अभिमानही होता, की असा हट्ट धरायलासुद्धा दम लागतो.

दुपारी डबा उघडला पण घास उतरेना. वॉकीटॉकीवर सिग्नलमनने विचारलं, "जेवलात का बाई?" तो उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला शिडशिडीत माणूस होता. रोज दिवसभर ते एकमेकांशी बोलत, पण समोरासमोर क्वचितच येत, आणि आले की दोघांनाही काय बोलावं ते सुचत नसे. "जेवले," ती म्हणाली. हेही उत्तर आपोआप आलं. तिने स्वतःला समजावायला सुरुवात केली. काही झालं नाही ना? मग झालं तर. पलीकडच्या क्रेनवरचा मिशाळ तर दुपारचं जेवण झालं की खुशाल घोरतो, हे अख्ख्या साइटला ठाऊक आहे. तो माल खाली टेकवून घोरतो, हा भाग वेगळा. आणि सांगितलं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ही खुर्ची जाईल. खालून वर दाखवणारी बोटं राहतील, पण त्यांच्यामागचं बोलणं बदलेल. शेवटी बाईच ती, असं कुणीतरी म्हणेल, आणि ते एकट्या तिच्यापुरतं थांबणार नाही. तिच्यामागून आणखी दोघीजणी शिकायला गेल्या होत्या, त्यांच्याही कपाळी ते लागेल. तेव्हा न सांगणं हे त्या दोघींवर उपकार करण्यासारखंच आहे, इथपर्यंत तिने मनाशी मांडणी करत आणली. मांडणी पक्की होती. फक्त तो गवंडी मध्ये मध्ये वर बघत होता आणि हात करत होता.

तिने तोंडावर पाणी मारलं, गालाचं आतलं मांस दाताखाली धरलं आणि दुपारचं काम सुरू केलं. आता ती टक्क जागी होती. इतकी जागी की खालच्या माणसांच्या टोपीचे रंग वेगवेगळे मोजता येत होते. लोखंडी साच्याचे पत्रे उचलायचे होते. पत्रा वारा धरतो, त्याला सळयांसारखं निमूट राहता येत नाही. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. पत्रे वर आले, वळले, इमारतीच्या मधल्या मोकळ्या चौकात आले, तिने थांबवले. वॉकीटॉकी खरखरला. "बाई, धरलंय ना? माणसं सोडू का?"

"सगळं ठीक आहे, पुढे..."

तिचं तोंड बोलत होतं. तिने अजून पाहिलंच नव्हतं. प्रश्न कानात शिरला आणि उत्तर तोंडातून निघालं, आणि मध्ये ती कुठेच नव्हती. जागी असूनही नव्हती. नजर पत्र्यांवर गेली तेव्हा पत्रे वाऱ्याने फिरत होते, त्यांचं एक टोक चौकातून बाहेर झुकत होतं, आणि खाली माणसांनी पहिलं पाऊल उचललेलं होतं. "थांबा!" ती ओरडली. "थांबवा त्यांना!" हा आवाज खणखणीत नव्हता, फाटलेला होता, चिरका होता, आणि गंमत अशी की तो तिला ओळखीचा वाटला. शिट्टी वाजली. माणसं जागच्या जागी थबकली.

"काय झालं बाई?"

तिने पत्रे वाऱ्यात वळवून घेतले, मोकळ्या जागेवर नेले, हळूहळू उतरवले. हे करताना तिने घाई केली नाही. पत्रे जमिनीला टेकले, दोर ढिले पडले, टांगलेलं काही राहिलं नाही, तेव्हा तिने बटण दाबलं. या वॉकीटॉकीवर बोललेलं सगळ्या साइटवर ऐकू जातं, मिशाळाला, मुकादमाला, साहेबांच्या केबिनमध्ये, हे तिला माहीत होतं. त्यासाठी तर तिने तो तोंडाशी धरला होता.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली. "सकाळी सळयांचा भारा वाटेवर होता तेव्हा मी झोपले होते. भारा हलत होता. मी झोपेत सांगितलं, पुढे चला. तुम्ही गेलात त्याच्याखालून."

मग कुणीतरी हसलं, बहुधा मिशाळ. मग सिग्नलमनचा आवाज आला, "बाई, चेष्टा नका करू अशी."

"मी कधी केलीय चेष्टा?"

"अहो, पण तुम्ही उत्तर दिलंत. मी स्वतः ऐकलं. नेहमीसारखं दिलंत."

"नेहमीसारखंच दिलं. म्हणून तर सांगतेय. आजपासून माझ्या आवाजावर माणसं सोडू नका."

वरून तिला दिसलं की सिग्नलमन होता तिथेच विटांवर बसला. शिट्टी त्याने गळ्यातून काढली आणि मांडीवर ठेवली. तिने क्रेन बंद केली, डबा आणि थर्मास पिशवीत टाकला आणि केबिनचं दार उघडलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, वरच्या बाई उतरायला लागल्या. शिडीची एकेक पायरी ती पायाने चाचपून, हाताने घट्ट धरून उतरत होती. तिला वाटलं होतं लाज वाटेल. तिने मनात शोधून पाहिलं, लाज होती, पण अगदी कोपऱ्यात होती, आणि बाकीची सगळी जागा भलत्याच कशाने तरी भरून गेली होती. मान आपोआप वर जात होती. बादली काठोकाठ भरून फिरवून आणली होती तेव्हा जी गेली होती, तशीच.

खाली माणसं गोळा झाली होती. साहेब धावत आले होते. साहेब म्हणजे तिच्या धाकट्या भावापेक्षाही लहान, कानामागे पेन्सिल खोचणारा इंजिनीअर. तो तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, कुणाला काही लागलं नव्हतं, कुणाला कळलं नव्हतं. मला येऊन सांगायचं ना हळूच. सगळ्या साइटला ऐकवायची काय गरज होती?"

"ज्यांच्या डोक्यावर होतं त्यांना नको कळायला?" तिने आवाज दबका ठेवला नाही.

"आता मला तुम्हाला वर पाठवता येणार नाही."

"मलाही जायचं नाही. झोप पुरी होईपर्यंत तर नाहीच."

"झोप पुरी झाली तरी बघावं लागेल. डॉक्टर काय म्हणतायत, ऑफिस काय म्हणतंय... मी शब्द देऊ शकत नाही, बाई."

तिने केबिनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ठेवल्यावर मात्र तिने वळून एकदा वर केबिनकडे पाहिलं. गर्दीतून तो गवंडी पुढे आला. जवळून तो तिला वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा होता. त्याने थोडा विचार करून विचारलं, "मी हात केला, तेव्हा तुम्ही झोपेत होता?"

"नाही. तेव्हा जागी झाले होते."

"मग बरं," तो म्हणाला. "मला वाटलं, झोपेतच हात केलात." आणि त्याचं समाधान झालं. सिग्नलमन विटांवरून उठला होता, पण जवळ आला नाही. तो तिच्याकडे बघत होता, रागाने की कशाने, ते तिला कळेना. मग तो म्हणाला, "बाई, मी त्यांना म्हणालो होतो, चला रे, बाईंनी सांगितलंय." आपोआप येणारं उत्तर तिला द्यायचं नव्हतं. ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली, त्याची नजर वळेपर्यंत.

फाटकाबाहेर येऊन तिने बारक्याला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं, तो हलक्या आवाजात बोलत होता. "काय गं ताई, या वेळेला? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आज रात्री तू ये त्यांच्याकडे. उद्याही ये. मला झोपायचंय."

तो म्हणाला, "पण माझ्या आवाजाने चालेल का त्यांना?"

"चालतं. तू आठवडाभर राहिलास ना, तेव्हापासून मला माहीत आहे." हे वाक्य वॉकीटॉकीवरच्या वाक्यापेक्षा जड गेलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं, भारा, गवंडी, किल्ली, सगळं. तो मध्ये मध्ये "अगं आई गं" म्हणत राहिला. ऐकून झाल्यावर जराशा भीत भीतच म्हणाला, "ताई, हे कुणाला सांगायचं नाही ना? म्हणजे आत्याला, काकांना... तू झोपलीस म्हणून? आपल्या घरात म्हणजे तुला माहीत आहे, कसं बोलतात."

ती हसली. कितीतरी दिवसांनी डोळ्यांतली वाळू जरा हलली असं तिला वाटलं.

"सांग ना," ती म्हणाली. "सगळ्यांना सांग. बाबांनाही सांग, त्यांच्या लेकीला झोप लागली. पण सांगशील ते नीट सांग बारक्या, अर्धं नको. म्हणावं, तिला कुणी पकडलं नाही. तिनेच सांगितलं."